डबा उघडला की किंमत जाते

नाशिक
रविवार, १६ मार्च २०२५

रोहित,

आशीर्वादाला खर्च येत नाही, म्हणून आधी तेच देऊन टाकते. घे.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस त्याला आता पावणेतीन वर्षं होतील. मी ह्यांच्या फोनवरून लावला, तोही केलास. आमच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसच्या ऑफिसातून लावला, तर माझं नुसतं ‘हॅलो’ ऐकून ठेवून दिलास. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय मात्र अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. पत्ता संजनाने दिला. तिच्यावर रागावू नकोस, बायको आहे तुझी अजून. भाजीवालीकडून वरची कोथिंबीर काढून घेतात, तसा मी तो काढून घेतला. कसा, ते पुन्हा कधीतरी.

सिन्नर म्हणजे काही सायबेरिया नव्हे. द्वारका चौकात शेअर जीप मिळते. ड्रायव्हर अकरावा माणूस कोंबल्याशिवाय हलत नाही, एवढीच काय ती अडचण. तरी तीन दिवाळ्या तू आला नाहीस.

तू रुसलास तो माझ्या सदरामुळे, हे मला ठाऊक आहे. दर रविवारी मी पेपरात चारशे शब्दांत कोणाची ना कोणाची टोपी उडवते. एका रविवारी तुझी उडवली. नाव घातलं नव्हतं. ‘आमच्या ओळखीतले एक गुंतवणूकदार’ एवढंच लिहिलं होतं. आता तीनशे मोटारी विकत घेऊन एकही न चालवणारा दुसरा माणूस नाशकात नसेल, तर तो काही माझा दोष नाही.

आणि खोटं काय लिहिलं होतं? लॉकडाऊनमध्ये कंपनीने तुम्हा सगळ्यांना घरी बसवलं, हातात एक रक्कम टेकवली. लोक अशा रकमेचं सोनं करतात, आडगावला प्लॉट घेतात, निदान पिठाची गिरणी टाकतात. तू बोटभर लांबीच्या धातूच्या गाड्या घेतल्यास. पहिला खोका आमच्याकडे दाखवायला आणलास तो दिवस मला आजही दिसतो.

“ताई, हात नको लावू. नुसतं बघ.”

“खेळणं आहे ना? मग बघत काय बसायचं?”

“खेळणं नाही, अ‍ॅसेट आहे.”

ह्यांनी डबा उलटा करून विचारलं, “यात सेल कुठून टाकतात?” तेव्हा तुझा चेहरा असा झाला, जसं कोणी चपला घालून देवघरात शिरलं.

“दाजी, ठेवा खाली! डबा उघडला की किंमत जाते. कोपरा दुमडला तरी अर्धी जाते.”

त्या दिवसापासून ते वाक्य तू इतक्या वेळा म्हणालास की आमच्याकडे लोणच्याची बरणी उघडतानाही हे म्हणायचे, किंमत गेली बघ.

तुझ्या त्या फोनवरच्या ग्रुपात दोनशे माणसं होती. सगळी विकायला बसलेली, घेणारा तू एकटा. रोज कोणीतरी टाकायचं, ‘ही आता मिळणार नाही.’ मग खेळणी करणाऱ्या कंपनीने तीच न मिळणारी हिरवी जीप पुन्हा काढली, दुकानात टांगली, आणि तुझ्या कपाटातली दुर्मीळ जीप एका दुपारीत साधी झाली. तेव्हा कुठे तुला घाम फुटला. सगळं एकदम विकून टाकतो म्हणालास, मिळेल ते घेतो म्हणालास. संजनाने देवापुढे साखर ठेवली.

मग पुण्याहून तो सगळं विकत घेणारा माणूस आला. जून महिन्यात अंगात जॅकेट. त्याच्यासमोर तू खोके फोडलेस आणि आत जे निघालं ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. पुठ्ठे फुगलेले, रंग विटलेले, चाकांवर पांढरी पूड. तो म्हणाला, हा जुन्या डब्यांत खोटा माल भरून विकतोय. तुझा फोटो ग्रुपात टाकला आणि खाली लिहिलं, ‘सावधान.’

ओल कुठून आली, हा विषय मी काढत नाही. झालं ते झालं. माझ्याकडे ते खोके तीन महिने माळ्यावर होते आणि माझा माळा कोरडा आहे, हे तू स्वतः शिडीवर चढून पाहिलेलं आहेस.

तर राग आता पुरे. उत्तर एका ओळीचं चालेल. शिवी असली तरी चालेल, फक्त ऱ्हस्व-दीर्घ सांभाळ.

तुझी
ताई


नाशिक
रविवार, २२ जून २०२५

रोहित,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. पोचलं म्हणजे तू वाचलंस. वाचून गप्प बसलास, म्हणजे तू अजून तूच आहेस. ठीक.

पुठ्ठ्याचे खोके करायच्या कारखान्यात लागला आहेस असं कळलं. दिवसभर रिकामे खोके करायचे आणि आत काय भरतात याच्याशी संबंध ठेवायचा नाही. तुझ्यासाठी ही नोकरी कोणी मुद्दाम शोधून काढली असेल तर तो माणूस माझ्यापेक्षा चांगलं सदर लिहील.

पत्ता कसा काढला ते सांगायचं राहिलं होतं. फेब्रुवारीत द्वारकेवर संजना भेटली. तिच्या कसल्याशा कागदपत्रांसाठी आली होती आणि परत माहेरी जायला सटाण्याच्या गाडीची वाट बघत होती. वाळली आहे. मी आपली नेहमीच्या तोऱ्यात सुरू झाले.

“काय गं, खेळण्यांपायी कोणी संसार मोडतं का?”

“खेळण्यांपायी नाही मोडला, ताई.”

“मग? पैशांपायी?”

“पैसे गेले ते गेले. माझा भाऊ बोअर मारतो, चार वेळा पाणी लागत नाही, म्हणून वहिनी काय निघून गेली?” तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “ते शपथेवर म्हणाले, मी ताईला डबे कोरडे दिले होते. कुलदेवतेची शपथ घेतली. मग ओल कुठून आली? आमच्या पंचवटीतल्या खोलीच्या भिंतीला पोपडे होते, मला माहीत आहे ना. मी म्हटलं, नुसतं कबूल करा की तुमच्याच हातून झालं, मी एक शब्द बोलणार नाही. नाही केलं. शेवटपर्यंत तेच, डबे कोरडे होते. तुम्ही म्हणता माळा कोरडा होता. दोघांतलं एक माणूस खोटं बोलतंय ना? तुम्ही कशाला बोलाल?”

मी म्हटलं, “गाडी आली बघ तुझी.”

गाडी मालेगावची होती. तरी तिने उठून पाटी वाचली, परत येऊन बसली आणि मला तुझा पत्ता लिहून दिला. म्हणाली, “तुम्ही तरी बोला त्यांच्याशी.”

मी बोलते आहेच.

काल कपाट आवरताना तुझी पहिली गाडी आठवली. आठवते का तुला? मला सोळावं होतं, तुला सातवं. द्राक्षाच्या विरळणीला गेले होते मी, पहिल्या आठवड्याच्या मजुरीतून मेन रोडवर ती लाल मोटार घेतली. आई म्हणाली, पोरीला अक्कल नाही, स्वतःला चप्पल घ्यायची सोडून. तू तीन दिवस डबा उघडला नाहीस. उशाला घेऊन झोपलास. मी विचारलं, “खेळत का नाहीस रे?” तर म्हणालास, “खेळलो तर जुनी होईल ना.”

चौथ्या दिवशी मीच डबा फाडला. तू रडलास. आणि मग अर्ध्या तासाने ती गाडी आईच्या पाठीवरून, पिठाच्या परातीतून, गोठ्यातून जी सुटली ती दोन वर्षं. चाकं गळली तरी तू ती फरफटत नेत होतास, तोंडाने आवाज काढत. तिची किंमत काय झाली असेल ते तुझ्या ग्रुपात विचार.

हे मी का लिहिते आहे कोण जाणे. तुझ्या वस्तू मी पहिल्यापासून माझ्या अकलेने हाताळत आले, असं काल कपाटासमोर वाटलं. बाकी काही नाही.

माळा कोरडाच आहे. कालच पाहिला.

ताई


नाशिक
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

रोहित,

सोबत राखी आहे. साधी आहे, रेशमाची. मागच्या तीन वर्षांच्या घेऊन ठेवलेल्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत. त्यांची आता किंमत वाढली असेल तर बघ, डबे उघडलेले नाहीत.

शनिवारी पौर्णिमा. त्याआधी पोचावी म्हणून घाईने लिहिते, आणि घाईत एक गोष्ट लिहून टाकते, नाहीतर पुन्हा माळ्यावर चढेन.

तुझे खोके माळ्यावर नव्हते.

तू ते मार्चमध्ये आणून ठेवलेस तेव्हा होते. आठ दिवस होते. पण आमचं घर गच्चीखाली, तुला माहीत आहे. माळ्यावर ठेवलेली मेणबत्ती शिवरात्र उलटली की वाकते. तू जाताना दारात उभा राहून म्हणाला होतास, “ताई, उन्हाळ्यात प्लॅस्टिक पिवळं पडतं. तेवढं सांभाळ. आता हेच आहे माझ्याकडे.” तुझी भिंत ओली म्हणून तू माझ्याकडे आणलेस, आणि माझा माळा तापायला लागला. मी काय करायचं?

मी बावीस वर्षं पिंपळगावच्या पॅकहाऊसात माल सांभाळते. नाजूक माल कसा टिकवायचा हे मला कोणी शिकवायला नको. आमचं द्राक्ष इथून निघून समुद्र ओलांडतं. महिन्याने तिकडचा माणूस पेटी उघडतो तेव्हा घडाचा देठ हिरवा असतो, मण्यावरची लव तशीच असते. जे द्राक्षाला जमतं ते पत्र्याच्या मोटारीला का जमू नये? कंपनीच्या टेम्पोत तुझे सहा खोके घातले आणि कोल्ड स्टोरेजमध्ये आमच्या पेट्यांच्या मागे लावले. मालकाला विचारलं नाही. तुला सांगितलं नाही, कारण तू घाबरला असतास आणि चार प्रश्न विचारले असतेस, आणि मला प्रश्न विचारलेले आवडत नाहीत.

जूनमध्ये तू न्यायला यायच्या आदल्या दिवशी परत आणून माळ्यावर ठेवले.

एवढंच. थंडीने काही बिघडत नाही. वस्तूला थंडी चांगलीच.

राखी बांध.

ताई


नाशिक
शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५

रोहित,

काल भाऊबीजेला तुझ्याकडे येऊन गेले. त्याला एक दिवसही झाला नाही आणि मी पुन्हा लिहायला बसले आहे. तू म्हणशील, समोर बसली होती तेव्हा बोलली का नाही. तू म्हणणार नाहीस, कारण तू हे उघडणारच नाहीस. हे कळल्यापासून लिहायला फार मोकळं वाटतं आहे.

गिरणीवरची तुझी खोली मी विचारत विचारत शोधली. दार उघडून तू दोन क्षण बघत राहिलास. मला वाटलं, आता लावून घेणार.

“ये ताई. चपला आतच घे, कुत्रं नेतं.”

पावणेतीनाची आता सव्वातीन वर्षं झाली, आणि पहिलं वाक्य चपलांचं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. तू स्टोव्ह पेटवलास, दूध नाही म्हणून खाली पळालास, आणि मी सवयीने खोलीची तपासणी सुरू केली. भिंत कोरडी. एक खाट, एक फळ्यांचं शेल्फ. शेल्फावर तीनच वस्तू, ओळीने, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत प्रत्येक वेगळी, खाली बॉलपेनने तारीख लिहिलेली चिठ्ठी. मोटारी ठेवायचास अगदी तशी. मला वाटलं, लागला परत नादाला.

जवळ जाऊन पाहिलं तर माझं अक्षर.

तू दूध घेऊन आलास.

“ही पत्रं उघडली नाहीस?”

“नाही.”

“एकही?”

“उघडलं की किंमत जाते, ताई.”

मी हसले. चांगलं वाक्य होतं, सदरात शोभलं असतं. तू हसला नाहीस. चहाकडे बघत म्हणालास, “आत माफी असेल असं वाटतं. त्या पेपरातल्या लिखाणाबद्दल. तिन्हींपैकी एकात तरी असेल. आणि उघडलं, आणि नसली, तर मग काय राहिलं?”

मग तिसरं पाकीट काढून, पिशवीवरूनच, त्यावर बोट फिरवलंस. “यात गाठ लागते. राखी आहे ना?”

रोहित, पहिल्या पत्रात माफी नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात अर्धं खरं आहे आणि ते अर्धं खोट्यापेक्षा वाईट आहे. माझी जीभ, जिने नगरसेवकापासून शेजारणीपर्यंत कोणाला सोडलं नाही, ती तुझ्या खाटेवर बसून चहात बुडवलेल्या खारीसारखी झाली. मी म्हटलं, “साखर कमी टाकलीस.”

मी तुला ओवाळलं. तुझ्याकडे ताम्हण नव्हतं, जेवायची थाळी घेतली. ओवाळणी घालायची वेळ आली तेव्हा तू खाटेखालून एक डबा काढलास.

“त्यातली एवढीच ठेवलीय मी. लाल आहे म्हणून. होती.”

होती. आता ती धुऊन धुऊन विटलेल्या परकराच्या रंगाची आहे.

“ताई, एक गंमत सांगू? याला अजून वास येतो. नाकाशी धर. फटाक्यासारखा. मी तर घरात कधी फटाका आणला नाही.”

मी नाकाशी धरला. तू माझ्याकडे बघत होतास की खिडकीबाहेर, ते मला आता आठवत नाही, आणि तेच मला सारखं आठवावंसं वाटतं आहे. मी म्हटलं, “बाहेरचा असेल. दिवाळी आहे.”

“असेल,” तू म्हणालास.

डबा माझ्या ताटात ठेवलास. परत येताना जीपमध्ये तो मांडीवर होता. शेजारच्या बाई नाक वर करून म्हणाल्या, “कशाचा वास येतोय हो?” जीपमध्ये अकरा माणसं होती. मी डबा पिशवीत सारला.

आता नीट ऐक, म्हणजे नीट ऐकू नकोस, पाकिटात ठेव.

द्राक्षाच्या पेटीत घडांवर एक कागद घालतात. त्यात गंधकाची पूड असते. आम्ही त्याला नुसतं पॅड म्हणतो. आतल्या ओलीने त्यातून वायू सुटतो आणि बुरशी मरते. कोल्ड स्टोरेजमध्ये ओल मुद्दाम राखतात, नाहीतर देठ सुकतात. हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. रोज नव्या पोरींना मीच शिकवते.

तुझे खोके आत लावताना गेणूतात्या होते, आमच्या चेंबरचे जुने माणूस. त्यांनी वाकून पाहिलं.

“ही कंची जात म्हनायची, ताई?”

“इंपोर्टेड आहे, तात्या. बिनबियांची.”

ते खूप हसले. मग मी पॅडचा गठ्ठा काढला तेव्हा हसायचे थांबले.

“ह्यात पॅड कशाला? हे काय सडनार हाय व्हय?”

“पुठ्ठा आहे. बुरशी धरायला नको.”

“न्हाय पन ताई, आपल्या वजनकाट्याचं लोखंड बघा, त्या वासानं कसं खाल्लंय. हे बी धातूचंच हाय.”

म्हणजे माणसाने सांगितलं होतं. लोखंडाच्या काट्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं. आणि मी काय म्हणाले? “तात्या, एकोणीस वर्षं झाली मला.” मी स्वतःच्या हाताने दर थरावर एक पॅड घातलं, वरून द्राक्षाला घालतो तसं प्लॅस्टिक गुंडाळलं, चिकटपट्टी मारली. इतक्या मायेने मी निर्यातीचा मालही कधी भरला नाही.

जूनमध्ये एक खोका फोडला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, वासाने. नंतर ते वासाचं राहिलं नाही. तुझ्या सगळ्या लाल गाड्या गुलाबी झाल्या होत्या. मी पॅड काढले, डबे पंख्याखाली मांडले, पुसले, परत भरले आणि नवी चिकटपट्टी लावली. तात्या दारात उभे होते. “सांगून टाका, ताई. मालाचं व्हतं आसं कधी कधी. भाऊ हाय, खाऊन टाकनार न्हाय.”

मी सांगणार होते. खरंच. तू शिडीवरून खोके उतरवत होतास तेव्हा सांगणार होते, पण तू शीळ घालत होतास. तो पुण्याचा माणूस आला त्या दिवशी सांगणार होते. पण त्याने तुला चोर म्हटलं, आणि संजनाने तुझ्या ओल्या भिंतीचं नाव काढलं, आणि सगळे तुझ्याकडे बघायला लागले. कोणीच माझ्याकडे बघेना. ती जागा इतकी सोयीची होती, रोहित.

चौदा दिवसांनी मी ते सदर लिहिलं. लोक तुला हसत राहिले तर मला कोणी काही विचारणार नाही, एवढाच त्यामागचा विनोद. सगळ्यांना आवडलं. संपादकांनी फोन केला.

हे आता मी पाकिटात घालते. तू याची चौथी पिशवी करशील, तारीख लिहिशील, शेल्फावर लावशील. तुझ्या हिशेबाने चारांत हेच सगळ्यात मोलाचं, कारण याच्यात माफी खरोखरच आहे. आणि ती तिथेच राहील, कारण उघडलं की किंमत जाते.

संजना तिकडे सटाण्याला बसून आहे. खोटं बोलणाऱ्या माणसाकडे परत जायचं नाही म्हणून. खोटं बोलणारं माणूस इकडे नाशकात बसून छान छान पत्रं लिहीत आहे.

ताई


नाशिक
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५
(पोस्टकार्ड)

रोहित,

तुझे डबे कोरडे होते. मी ते तुला न विचारता कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवले आणि आत द्राक्षाचे गंधकाचे पॅड घातले. त्यानेच रंग गेले आणि धातू खाल्ला. मला हे तुझ्या आधी कळलं होतं. मी माळ्याचं खोटं सांगितलं आणि तुझ्यावर आलेलं येऊ दिलं. तू खोटं बोलला नाहीस. तुझा माल खोटा नव्हता. ते सदर मी स्वतःला लपवायला लिहिलं. माफ कर.

हेच, याच शब्दांत, दुसऱ्या कार्डावर सटाण्याला संजनाला लिहिलं आहे. रविवारी पेपरातही हेच येईल, माझ्या नावाने.

कार्डाला पाकीट नसतं. पोस्टमनने वाचलं असेल, खालच्या गिरणीत चार जणांनी वाचलं असेल. वाचू दे.

तू दिलेला डबा मी काल उघडला. लाल गाडी जमिनीवर ठेवून ढकलली. चाकं फिरत नाहीत. ओढत नेली तर जाते.

चौथं पाकीट आलं असेल, ते नाही उघडलंस तरी चालेल. त्यातलं सगळं इथे आहे. पहिली दोन फाडून टाक. तिसरं मात्र उघड, त्यात राखी आहे.

ताई